खाडीकाठचे हिरवे छप्पर

आमच्या गावाला जायचे म्हणजे दिव्याहून पॅसेंजर गाडी, माणगावला उतरून म्हसळ्यावरून जाणारी श्रीवर्धनची एसटी आणि शेवटचा टप्पा मिनीडोर. गाव श्रीवर्धन तालुक्यात, बाणकोटच्या खाडीला लागून. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर बाणकोटचा किल्ला आणि रत्नागिरी जिल्हा, अलीकडे आम्ही रायगडवाले. बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोट माणसांबरोबर मोटारीही घेऊन जाते, आणि माझा मुलगा लहानपणापासून त्या बोटीसाठीच गावाला यायला तयार होतो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मात्र आम्ही सहलीला गेलो नव्हतो. शेजारच्या खालांचा फोन आला होता, "तुमच्या माजघरात पाणी गळते आहे. चावी माझ्याकडे आहे, मी बादली ठेवली आहे, पण एकदा येऊन बघा." अब्बा गेल्यापासून घर बंदच असते. अम्मी माझ्याजवळ मुंब्र्याला राहतात, भाईजान कुवेतला. आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे. ईदला आणि मे महिन्यात दारे उघडतात, एरवी कुलपे.

मिनीडोरमधून उतरलो आणि मी घराकडे बघतच राहिले. आमचे लाल कौलारू छप्पर हिरवेगार झाले होते. फणसाच्या बाजूचा उतार तर असा, की कोणी गालिचा अंथरला आहे असे वाटावे. मुलाने लगेच फोटो काढला. दिसायला सुंदर होते, खोटे कशाला बोलू? अम्मींनी मात्र वर पाहिले आणि म्हणाल्या, "कोणीही वर चढायचे नाही."

त्यांना काय आठवले ते मला माहीत होते. १९८७ च्या पावसाळ्यात आमचे मोठे चाचा असेच गळके कौल सरकवायला चढले होते. पाऊस नुकताच थांबला होता, पाच मिनिटांचे काम होते. पाय शेवाळावरून सटकला आणि ते वळचणीवरून खाली दगडी जोत्यावर पडले. खुब्याचे हाड मोडले. होडीने खाडी ओलांडून त्यांना दवाखान्यात नेले, पण तो पाय पुन्हा सरळ झाला नाही. मी त्यांना कायम काठी घेऊनच चालताना पाहिले.

इकडे भाईजानचा व्हिडिओ कॉल. "त्यात काय एवढे! गाड्या धुतात तो प्रेशरचा पंप भाड्याने आण, तुझा मुलगा अठरा वर्षांचा आहे, तासाभरात साफ करील." गंमत अशी की भाईजान कुवेतमध्ये बांधकामावर सेफ्टी सुपरवायझर आहेत. तिथे पट्टा न बांधता कोणी चढला तर ते काम थांबवतात. आपल्या घराच्या बाबतीत मात्र माणूस हे सगळे विसरतो.

गावात कौलारू कामाचे एक जुने मिस्त्री आहेत, अब्बांच्या बरोबरीचे. आम्ही त्यांना चाचाच म्हणतो. ते आले, अंगणातूनच छपराकडे पाहिले, मग आत जाऊन माजघरात खालून कौले पाहिली. वर चढायचे नावही काढले नाही. म्हणाले, "बेटा, हे आत्ता करायचे काम नाही. ओल्या शेवाळावर माकडसुद्धा जपून चालते. उन्हाळ्यात ये. तोवर मी आतून दोन कौले सरकवून गळती थांबवतो."

मंगलोरी कौलाची खरी खुबी मला त्या दिवशी कळली. १८६५ च्या सुमारास मंगलोरला बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. हे कौल खिळ्याने ठोकलेले नसते, सिमेंटने चिकटवलेले नसते. मागच्या बाजूच्या टोकाने ते रीपेवर अडकते आणि शेजारच्या कौलाच्या खाचेत बसते, बस्स. म्हणून ते आतूनही उचलता येते. मिस्त्री चाचांनी माजघरात घडवंची लावली, एक कौल वर ढकलून बाजूला केले, हात बाहेर काढून खाचेतला शेवाळाचा गोळा ओढून काढला आणि कौल परत बसवले. गळती तिथेच थांबली. चाळीस वर्षांपूर्वी हे कोणी मोठ्या चाचांना का सांगितले नाही, असे मनात आल्याशिवाय राहिले नाही.

शेवाळाला मुळे नसतात. केसांसारखे तंतू असतात, त्यांनी ते कौलाला धरून राहते आणि पाणी मात्र अंगभर पिते. ते कौल खात नाही. नुकसान होते ते वेगळ्या रीतीने. कौलाच्या दोन्ही कडांना पाणी वाहून जाण्यासाठी ज्या खाचा असतात, त्यांत शेवाळाच्या उशा तयार होतात. पाणी अडते, खाचेवरून उलटे चढते आणि आत रीपेवर ठिबकते. ओली रीप कुजते, मग वाळवी येते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, म्हणजे शेवाळाला तोटा कसला? त्यातून घर बंद, फणसाच्या फांद्या छपरावर टेकलेल्या. चाचांचे म्हणणे असे की पूर्वी घरात चूल पेटायची, धूर आणि ऊब कौलांतून बाहेर पडायची, त्यामुळे छप्पर कोरडे राहायचे. असेल तसे. पण उन्हे न लागणारी बाजू सर्वांत हिरवी होती, हे तर मी डोळ्यांनीच पाहिले.

आणि सगळेच शेवाळ नसते. कौलावरचा काळा थर म्हणजे अगदी बारीक जातीचे वेगळे शैवाल, त्याने कौलाचे फारसे बिघडत नाही. पांढुरके, राखाडी चट्टे दिसतात ते दगडफुलाच्या जातीचे. हो, आपण मसाल्यात घालतो तेच दगडफूल! त्यांना खरवडून काढायचा हट्ट केला तर कौलाची पापडी निघते. जाड, मऊ, बोट दाबले तर दबणारी जी हिरवी उशी, ती काढायची.

प्रेशरच्या पंपालाही चाचांनी साफ नकार दिला. त्याच्या माऱ्याने कौलाचा वरचा कडक पापुद्रा उडतो. मग कौल जास्त पाणी पिते आणि पुढच्या पावसात शेवाळ आणखी जोमाने येते. पाणी खालून वर मारले तर ते थेट कौलांच्या फटीतून घरात. शिवाय निसरड्या उतारावर उभ्या माणसाच्या हातात झटका देणारी नळी.

आम्ही एप्रिलच्या शेवटी पुन्हा गेलो. तेच दिवे, तेच माणगाव, फक्त म्हसळ्याच्या वाटेवरचे हिरवे डोंगर आता भुरे झाले होते. कोकणात हे दिवस शाकारणीचेच. कोणी कौले परतते, कोणी कुजक्या रीपा बदलते. पूर्वी हे दरवर्षीचे काम होते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा गावातल्या कितीतरी घरांची कौले उडाली आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी पत्रे घातले. पत्र्याखाली मे महिन्यात बसून पाहा म्हणजे कौलाची किंमत कळेल. असो.

छपरावरची हिरवाई आता तपकिरी झाली होती. मुलगा म्हणाला, "अम्मी, हे तर मेले." चाचांनी खाली पडलेला एक सुका गोळा त्याच्या हातावर ठेवला आणि वर तांब्यातले पाणी शिंपडले. थोड्याच वेळात तो गोळा फुलला, हिरवा झाला. सुकलेले शेवाळ मरत नाही, पावसाची वाट पाहत पडून राहते. पण कोरडे असताना ते कौलाची पकड सोडते, हाताने उचलले तरी पोळीच्या पापुद्र्यासारखे निघते. म्हणून हे काम उन्हाळ्यात.

भाईजान त्या वेळी सुट्टीवर आले होते आणि येताना दोन सेफ्टी पट्टे, दोर आणि हेल्मेट घेऊन आले होते. ऑगस्टमधल्या बोलण्याची भरपाई असावी. चाचा आधी हसले. मग पट्टा अंगावर चढवून पाहिला आणि दोर कुठे बांधायचा ते स्वतःच ठरवले. रीपेला नाही, वाशालाही नाही. दोन कौले काढून थेट तुळईला. दोराची लांबी अशी ठेवली की माणूस वळचणीच्या टोकापर्यंत पोहोचूच नये. शिडीसाठी भाईजानचा हिशोब होता. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, आणि शिडीचे टोक वळचणीच्या वर तीन फूट. वरचे टोक बांधले, खाली एक माणूस धरायला. खांबावरून घरात येणारी विजेची तार शिडीपासून लांब आहे ना, हेही आधी पाहिले. चपला काढून रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घातले.

खरे तर वर चालायची फारशी वेळच आली नाही. आढ्याकडून सुरुवात करून एकेक ओळ उतरवायची, माणसे उघड्या पडलेल्या वाशांवर, खाली हातोहात साखळी. आमच्या घराला सुमारे सोळाशे कौले आहेत. एक कौल कोरडे असताना अडीच किलोच्या आसपास, म्हणजे सगळे मिळून चार टन. हे आपल्या डोक्यावर रोज असते, याचा कधी विचारच केला नव्हता! अंगणात कौले उभी रचली. आम्ही बायका आणि मुले खाली बसून बांबूच्या चिपाने खाचा कोरत होतो आणि नारळाच्या शेंडीने घासत होतो. तारेचा ब्रश चाचांनी हातात घेऊ दिला नाही. सुक्या शेवाळाची धूळ उडते, म्हणून नाकाला ओढण्या बांधल्या. साधे पाणी, दुसरे काही नाही. चौघांना तीन दिवस लागले, त्यात जुम्म्याला दुपारपर्यंत काम बंद. साठेक कौले फुटकी निघाली आणि फणसाच्या बाजूच्या अकरा रीपा कुजलेल्या.

औषधावरून थोडा वाद झाला. शेजारच्या मामूंची सुपारीची वाडी आहे. ते म्हणाले, "मोरचूद मार. सुपारीवर बोर्डो फवारतो, तेच छपरावर." मोरचूद शेवाळाला मारते हे खरे. पण त्यातले तांबे पागोळ्यांबरोबर खाली येते, आणि आमच्या पागोळ्या विहिरीच्या कडेने वाहतात, पुढे खाडी. मासळीला तांबे फार बाधते. पत्र्याची पन्हळही त्याने खराब होते. कपडे उजळायचे ब्लीच वापरा असेही एकाने सुचवले. त्याने खालची रोपे जळतात, लोखंड गंजते, आणि ते संडासाच्या ॲसिडमध्ये मिसळले तर विषारी वायू होतो. दोन्ही नको म्हटले.

फक्त मागच्या पडवीवरची कौले कोणीतरी सिमेंटने जाम केलेली होती, ती निघेनात. तिथे बेंझाल्कोनियम क्लोराइडचे शेवाळनाशक डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून मारले. शिडीवरूनच, लांब नळीच्या फवाऱ्याने. हातमोजे, चष्मा, वारा नसलेली सकाळ. पडवीचे पाणी पिंपात पडते, ते पिंप आधी हलवले. हे औषध शेवाळ लगेच काढत नाही. काही आठवडे जाऊ द्यायचे, मग ते सुटते आणि वरून खाली झाडून घ्यायचे. खालून वर झाडू मारला की कौल उचकटते.

गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांवरही शेवाळ होते, मुलगा तिकडे निघालाही होता. त्या वेळी चाचा पहिल्यांदाच ओरडले. हा पत्रा खालून दगडासारखा वाटतो, पण जुना झाला की पायाखाली एकदम फुटतो आणि माणूस सरळ आत. दुसरे म्हणजे अशा पत्र्यांत एस्बेस्टॉसचे तंतू असतात. घासले की उडतात, श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षांनी आजार देतात. तो गोठा तसाच हिरवा ठेवला. गाई नाहीतच, गळू दे.

निघण्याआधी फणसाच्या छपरावर आलेल्या फांद्या तोडल्या. अम्मींना वाईट वाटले, तो फणस दादींनी लावलेला. पण उन्हे आत आली. आढ्यावर जस्ताच्या पत्र्याची एक पट्टीही ठोकली. पावसाचे पाणी तिच्यावरून वाहताना थोडे जस्त घेऊन उतरते, तेवढ्यापुरते शेवाळ धरत नाही. गावातल्या एका घरावर अशा पट्टीखाली हातभर रुंद लाल पट्टा स्वच्छ राहिलेला मी पाहिला होता. सगळे छप्पर त्याने राखले जाणार नाही, पण वरच्या दोन-तीन ओळी तरी.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खालांचा फोन आला. रात्रभर कोसळला होता. "माजघर कोरडे आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण फणसाच्या कोपऱ्यात एक थेंब येतो." मी मिस्त्री चाचांना फोन लावला. ते म्हणाले, "एखादे कौल सरकले असेल. चार दिवसांनी उघडीप मिळाली की आतून बघतो. तोवर बादली ठेवायला सांग."

खालांनी ती आधीच ठेवली होती.