एक गोल काढा, काल बदला!

एखादा दिवस ‘अनडू’ करावासा तुम्हालाही वाटतोच ना? ‘टाइम हॉलो’मध्ये ते जमतं. कोनामीने २००८ मध्ये निन्टेन्डो डीएससाठी आणलेला हा गेम मी सेकंडहँड डीएसवर, भायखळा-ठाणे स्लो लोकलमध्ये संपवला. हीरो ईथन १७व्या वाढदिवसाला जागा होतो, तर आईबाबा १२ वर्षांपासून बेपत्ता! हाती येतं एक अजब पेन. स्टायलसने स्क्रीनवर गोल काढला, की थेट भूतकाळात भोक. त्यातून वस्तू काढा, नाहीतर आत ठेवा. ‘आज’ बदलतो, आधीचं मात्र ईथनला आठवतं.

भायखळ्यात हा गोल कुठे काढायचा, हे वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यात माझे आजोबाही होते. बाबांची दहावी राहिली, ते एका प्रेसमध्ये बाइंडिंगला लागले. तिथेच त्यांना आई भेटली.

आजीला गेम दाखवला. म्हटलं, “संपच पुसूया?”

“संप कशाला? तुझ्या बाबाच्या दहावीची फी सरकव आत. एवढंसं भोक पुरे.”

“अगं, मग बाबा प्रेसमध्ये जाणारच नाहीत. मी कुठून येणार?”

स्टायलस हातात धरून आजीने बराच विचार केला.

“त्या दोघांना प्रेसबाहेर नाही का भेटवता येत?”

नाही येत, आजी. ईथनचंही तेच होतं. एकीकडे शिवलं, की दुसरीकडे उसवतं.