शांपनूच्या मातीतील भागीदार

ईशान्य फ्रान्समधील लॉरेन प्रांतात नान्सी हे जुने, देखणे शहर आहे. स्तानिस्लास चौकातील सोनेरी नक्षीची लोखंडी दारे पाहण्यासाठी प्रवासी तेथे थांबतात. ऑगस्टमध्ये बाजारात मिराबेल या इवल्याशा पिवळ्या फळांच्या राशी लागतात. भारताशीही या शहराचे जुने नाते आहे. येथील वनविद्यालय १८२४ सालचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय वनखात्यासाठी निवडलेल्या कित्येक इंग्रज तरुणांनी वनव्यवस्थेचे पहिले धडे येथेच गिरवले.

शहराच्या पूर्वेस पंधराएक किलोमीटरवर शांपनू हे लहानसे गाव लागते. आमांसच्या अरण्याला लागूनच तेथे सरकारी कृषी संशोधन संस्थेचे केंद्र आहे. या केंद्राने ज्या वृक्षाच्या रोपांवर दीर्घकाळ काम केले, तो डग्लस फर मात्र मूळचा येथला नव्हे. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा उंचच उंच सूचिपर्णी वृक्ष. डेव्हिड डग्लस या स्कॉटिश संग्राहकामुळे १८२७ मध्ये त्याचे बी ब्रिटनला पोहोचले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने नव्या वनांसाठी त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड केली.

बी समुद्र ओलांडून आले, पण मायदेशाची माती काही त्याच्याबरोबर आली नाही. या जातीच्या वृक्षांच्या कोवळ्या मुळांभोवती एका बुरशीचे तलम आवरण असते. जेथे मूळ पोहोचत नाही तेथून बुरशीचे तंतू पाणी, स्फुरद आणि नत्र आणून देतात आणि मोबदल्यात झाडाने पानांत तयार केलेली साखर घेतात. आल्बर्ट फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये या जोडणीला नाव दिले. परमुलखात पेढी थाटणाऱ्या व्यापाऱ्याला आधी विश्वासू आडत्या गाठावा लागतो, तशीच या रोपाची स्थिती.

रोपवाटिकांत रोग टाळण्यासाठी मिथिल ब्रोमाइड वायूने माती निर्जंतुक करण्याची रीत होती. रोगजंतूंबरोबर उपकारक बुरशीही मरे आणि रोपे खुजी, फिकट राहत. पाणी गाळून पिणाऱ्या घराण्यांना ओंजळभर मातीतील असंख्य जिवांविषयी वेगळे सांगायला नको. परंतु निव्वळ जमाखर्चाच्या दृष्टीनेही हा व्यवहार अर्धा तोट्याचाच होता. पुढे ओझोनच्या थराला घातक म्हणून आंतरराष्ट्रीय करारान्वये या वायूवर बंदी आली.

शांपनूच्या शास्त्रज्ञांनी दह्याला विरजण लावावे तशी मातीत लॅकेरिया नावाची बुरशी मिसळली. तिचा एक वाण अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील क्रेटर लेक परिसरातून आणलेला, म्हणजे डग्लस फरच्याच मुलखातला. अशा मातीत रोपे जोमाने वाढली. मग जाँ गार्बाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की बुरशी मुळाशी जुळण्याच्या कामी काही जीवाणूही मदत करतात. सगळेच नव्हे, काही जीवाणू उलट अडथळा आणतात. लॅकेरियाच्याच छत्रीत सापडलेला स्युडोमोनास जातीचा एक वाण विशेष गुणकारी ठरला. त्याच्या साथीने बुरशी अधिक मुळांवर बसते. नवल असे, की मातीत सोडल्यावर काही महिन्यांतच हे जीवाणू मोजणीत सापडेनासे होतात, तरी त्यांनी जमवून दिलेली सोयरीक टिकते. मध्यस्थी करून दलाली न मागता निघून जाणारा असा गृहस्थ बाजारात विरळाच.

परक्या बुरशीने स्थानिक बुरशींना हुसकावले तर, ही शंका रास्त होती. बर्गंडीतील मोर्वानच्या डोंगराळ भागात, सें-ब्रिसों येथे, अशा रोपांची लागवड झाली होती. दहा वर्षांनंतर तेथील छत्र्या गोळा करून आनुवंशिक तपासणी करण्यात आली. अमेरिकेहून आलेला वाण तेथे नांदत होता आणि त्याच फरच्या झाडांखाली गावच्या लॅकेरियाही उगवत होत्या.