विचाराची किंमत

आळीपाळीने चालणाऱ्या हॅकिंगच्या खेळात विचार फुकट असतो. खेळाडूने चाल केल्याशिवाय समोरची यंत्रणा हलत नाही. नकाशा कितीही वेळ न्याहाळला तरी हॅकरचा माग काढणारा ट्रेस जागचा सरकत नाही. क्ले एंटरटेनमेंटच्या ‘इन्व्हिजिबल, इंक.’ (2015) मध्ये गजराचा काटा दर फेरीला एका खुणेने चढतो. इंट्रोव्हर्जन सॉफ्टवेअरच्या ‘अपलिंक’ (2001) मध्ये मात्र पासवर्ड फोडणारा प्रोग्रॅम आणि ट्रेस दोन्ही एकाच वेळी धावत असतात. पहिल्या प्रकारच्या खेळाला रिअल-टाइम मोड जोडताना खरे काम असते ते विचाराची किंमत ठरवण्याचे.

कोडमधला बदल त्या मानाने सोपा. ‘डायब्लो’ (1996) आधी चालींचाच खेळ म्हणून घडत होता. त्याचे एक निर्माते डेव्हिड ब्रेव्हिक यांनी एका दुपारीच तो रिअल-टाइम केला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. युक्ती अशी, की चालींचा सांगाडा तसाच ठेवायचा आणि सेकंदाला वीसेक चाली आपोआप होऊ द्यायच्या. अशी प्रत्येक सूक्ष्म चाल म्हणजे एक टिक. टिकचा वेग पडद्यावरच्या फ्रेमच्या वेगापासून वेगळा ठेवावा लागतो. नाहीतर वेगवान संगणकावर ट्रेसही वेगाने धावेल.

अवघड असतो तो आकड्यांचा भाग. समजा, एक फायरवॉल फोडायला दोन चाली लागतात आणि ट्रेस बारा चालींत पोहोचतो. म्हणजे सहा फायरवॉल फुटतात. एक चाल तीन सेकंदांची धरली, तर एका फायरवॉलला सहा सेकंद आणि ट्रेसला छत्तीस. प्रमाण तेच राहिले, पण दर फायरवॉलमागे खेळाडूचे दोन सेकंद निर्णयात गेले तर चारच फुटतात. यंत्रणेला विचार करावा लागत नाही, त्यामुळे सगळे आकडे एकाच पटीने वाढवून भागत नाही. ट्रेस लांबवायचा की एका वेळी समोर येणारे पर्याय कमी करायचे, हे प्रत्येक टप्प्यावर ठरवावे लागते. शक्यतांचेही तसेच. दर चालीला साठ टक्के यशाची शक्यता असलेला प्रोग्रॅम दर टिकला फासा टाकू लागला, तर क्षणार्धात जिंकतो. तिथे टक्केवारीऐवजी कामाला लागणारा वेळ ठरवणे बरे.

चालींच्या खेळात आधी खेळाडू, मग यंत्रणा, हा क्रम पक्का असतो. टिकमध्ये दोघे एकदमच येतात. हॅकरच्या खुणा नोंदवणारा लॉग पुसला जाणे आणि ट्रेस पोहोचणे एकाच टिकला घडले, तर कोण जिंकले? नियम आधीच लिहून ठेवावा. सहसा तो खेळाडूच्या बाजूने असलेला चांगला, कारण एका टिकने हुकलेला डाव अन्यायच वाटतो.

मग इंटरफेस. ‘नक्की पुसायचे?’ असे विचारणारी खिडकी चालींच्या खेळात निरुपद्रवी, रिअल-टाइममध्ये घातक. तिच्या जागी कीबोर्डचे शॉर्टकट आणि पुढच्या आज्ञांची रांग हवी. कर्सर नेईपर्यंत यादीतली नावे खाली-वर होता कामा नयेत. ट्रेस जवळ आल्याचे कानालाही कळावे. ‘अपलिंक’चा बीप त्यासाठीच भराभर वाजू लागतो.

पॉज दिला की विचार पुन्हा फुकट होतो. ‘बाल्डर्स गेट’ (1998) मध्ये सहा सेकंदांच्या फेऱ्यांवर रिअल-टाइम बेतलेला आहे आणि पॉजमध्येही आज्ञा देता येतात. तिथे तोच खेळाचा गाभा आहे. हॅकिंगच्या खेळात घाईचा थरार हवा असेल, तर पॉजमध्ये पाहू द्यावे, आज्ञा घेऊ नयेत. मात्र वेग कमी करण्याची सोय असावी. सावकाश वाचणाऱ्याला किंवा हात मंद चालणाऱ्याला खेळाबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

‘एक्स-कॉम: अपोकॅलिप्स’ने (1997) लढाईसाठी दोन्ही पद्धती एकाच खेळात दिल्या. असे करताना नेटवर्कचे नकाशे, प्रोग्रॅम आणि नियम सामाईक ठेवता येतात. वेळेचे आकडे, अडचणीच्या पातळ्या आणि गुणांची यादी मात्र प्रत्येक मोडची स्वतंत्र हवी.