एकशे दहा मिनिटांचं औषध

मागच्या पावसाळ्यात ताईच्या मानेत डाव्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून तिनं बरेच दिवस कुणाला सांगितलंच नाही. शेवटी दाजींच्या लक्षात आली. आधी फलटणला दाखवलं, मग पुण्यात बायोप्सी झाली आणि निदान आलं, लिम्फोमा. डॉक्टर म्हणाले, औषधाला चांगली दाद देणारा प्रकार आहे, पण किमो सुरू करण्याआधी तो शरीरात कुठं कुठं आहे ते बघायला हवं. त्यासाठी पेट स्कॅन.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. भाच्याला सारखी रजा मिळत नव्हती, त्यामुळं ताईबरोबर जायचं काम माझ्याकडं आलं. पॉझिट्रॉन म्हणजे काय ते मला पुस्तकातून माहीत होतं. स्कॅनच्या केंद्रावर मात्र माणसाची कुठं अडवणूक होते, कशानं स्कॅन रद्द होतो, हे तिथं बाकावर बसूनच कळलं. शेजारी बसलेले लोक सोलापूरकडचे, नगरकडचे होते आणि त्यांचेही हेच प्रश्न होते. म्हणून हे लिहितो आहे.

ताईला मधुमेह आहे. गोळ्या आणि दोन वेळचं इन्शुलिन. केंद्रानं दिलेल्या कागदावर एवढंच होतं: सहा तास उपाशी या, जुने रिपोर्ट आणा, क्रिएटिनिन तपासून या. इन्शुलिनचं काय करायचं, हे त्यावर नव्हतं. फोनवर विचारलं तर पलीकडच्या मुलीनं पुन्हा “उपाशी या” एवढंच सांगितलं. मग ताईनं पोटात काही नाही म्हणून रात्रीचं इन्शुलिनही घेतलं नाही. आम्ही पहाटे चारला निघालो. लोणंद, जेजुरी, सासवड करत वेळेवर पोहोचलो. तिथं बोट टोचून शुगर पाहिली, २५६. सिस्टर म्हणाल्या, २००च्या वर असेल तर आम्ही करत नाही, दुसरी तारीख घ्या.

ताई काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर फक्त म्हणाली, “गाठ तेवढे दिवस थांबेल का रे?” मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

शुगर का चालत नाही, ते नंतर तिथल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टर मॅडमनी नीट सांगितलं. शिरेतून देतात ते औषध, एफडीजी, म्हणजे ग्लुकोजचाच बदललेला रेणू असतो. त्यातला एक भाग काढून तिथं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेला असतो. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी ग्लुकोज जास्त ओढतात, तशा हेही ओढतात. पेशीत गेल्यावर त्याच्यावर पहिली प्रक्रिया होते, पुढची होत नाही, आणि रेणू आतच अडकून राहतो. रक्तात आधीच साखर भरपूर असेल तर पेशी ती घेत बसतात आणि औषध मागं राहतं. चित्र फिकं येतं, खरी गाठही दिसेनाशी होऊ शकते. मी विचारलं, मग तिथंच इन्शुलिन देऊन शुगर खाली का नाही आणली? त्या म्हणाल्या, इन्शुलिन औषधाला स्नायूंत ढकलतं. सगळे हातपाय चमकतात आणि गाठ त्यात हरवते. म्हणून इन्शुलिन आणि औषध यांच्यात काही तासांचं अंतर लागतं.

मधुमेह असेल तर तारीख घेतानाच तिथल्या डॉक्टरांशी बोलायचा आग्रह धरावा, रिसेप्शनवर भागवू नये. आदल्या रात्रीचं इन्शुलिन किती, सकाळचं घ्यायचं की नाही, मेटफॉर्मिन बंद करायचं का, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. मेटफॉर्मिननं आतडी चमकतात, हेही मला तेव्हाच कळलं. ताईच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आणि मॅडमनी फोनवर बोलून तिचं वेळापत्रक ठरवून दिलं. मॅडमनी आणखी सांगितलं की आदल्या दिवशी ओझं उचलायचं नाही, फार चालायचं नाही. ताई म्हैस धुते, चारा आणते. ते काम दाजींनी केलं.

पुढच्या खेपेला आम्ही आदल्या संध्याकाळीच हडपसरला नातेवाइकांकडं मुक्कामाला गेलो. सकाळी शुगर १३८ भरली. ताईच्या तोंडावर हसू आलं. आणि मग कळलं की औषधच आलेलं नाही.

त्या केंद्राकडं स्वतःचा सायक्लोट्रॉन नव्हता. औषध रोज मुंबईहून गाडीनं यायचं. त्या दिवशी तिकडं काहीतरी बिघाड झाला होता आणि पहिली खेप निघालीच नव्हती. हे औषध आणून फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटं. सायक्लोट्रॉनमध्ये प्रोटॉन वेगानं फिरवतात आणि ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर आपटवतात, तेव्हा हा फ्लोरिन तयार होतो. त्या क्षणापासून तो संपायला लागतो. ११० मिनिटांनी निम्मा, पावणेचार तासांनी चौथा हिस्सा. म्हणजे मुंबईत तयार करताना पुण्याला लागतो त्याच्या कितीतरी पट जास्त करावा लागतो आणि खंडाळ्याच्या घाटात गाडी अडकली की तेवढे पेशंट कमी होतात. मी हे गणित वर्गात फळ्यावर दरवर्षी सोडवून देतो. त्या बाकावर मी ते घड्याळाकडं बघत करत होतो.

माणसाला एफडीजी पहिल्यांदा दिलं ते १९७६ साली, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठात. तेव्हाही ते तिथं तयार झालं नव्हतं. लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत करून विमानानं आणलं होतं. आपल्याकडं पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. भाचा फोनवर चिडला होता, त्याला मी हे सगळं सांगत बसलो. त्याला किती पटलं माहीत नाही, पण बोलताना माझा वेळ गेला.

खरी काळजी ताईच्या शुगरची होती. रात्रीपासून पोटात काही नाही आणि आता दुपार होत आलेली. तिला घाम आला, बोटं थरथरायला लागली. मी सिस्टरना बोलावलं, त्यांनी लगेच पाहिलं, ७६. आणखी खाली गेली तर ग्लुकोज द्यावंच लागेल आणि आजचा स्कॅन गेला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्या येऊन बोट टोचत होत्या. मी फार घाबरलो होतो. एकदा वाटलं, जाऊ दे तो स्कॅन, खायला द्या तिला. शुगर तेवढ्यावरच टिकून राहिली आणि दीडच्या सुमाराला गाडी आली.

मधुमेही पेशंटनं सकाळचा पहिला नंबर मागून घ्यावा. मागितला तर देतात, आपण होऊन कुणी देत नाही. केंद्राचा स्वतःचा सायक्लोट्रॉन आहे का, नसेल तर औषध कुठून येतं, हेही तारीख घेतानाच विचारावं. आणि निघण्याआधी औषधाची गाडी निघाली का, याची खात्री करावी.

शिशाच्या जाड भांड्यातून सिरिंज आली. सिरिंजलाही धातूचं कवच होतं. ताईच्या हातात आधीच सुई लावून ठेवली होती, त्यातून औषध गेलं, मागून सलाईन. अर्धं मिनिट लागलं असेल. डोस आठ मिलिक्युरीचा. म्हणजे सेकंदाला तीस कोटींच्या आसपास अणू फुटणार आणि जवळपास प्रत्येकातून एक पॉझिट्रॉन बाहेर पडणार. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, म्हणजे सरळसरळ प्रतिद्रव्य. डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणातून तो निघाला आणि १९३२ मध्ये कार्ल अँडरसनला विश्वकिरणांत सापडला. मला हे सगळं पाठ आहे. पण काचेपलीकडं ताईच्या हातात ती सुई बघताना माझ्या पोटात गोळा आला, हेही खरं.

त्या कणाला घाबरण्यासारखं काय आहे, याचा हिशेब मी तेव्हा मनात केला आणि बरं वाटलं. प्रतिद्रव्य म्हटलं की सिनेमातला स्फोट आठवतो. ताईच्या शरीरात पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना नष्ट करून जी ऊर्जा सोडत होते ती सगळी मिळून वॅटचा वीस हजारावा भाग होती. आणि ते नष्ट होणंही शांतपणे होतं. अणूतून सुटलेला पॉझिट्रॉन आधी वेगात असतो. मांसपेशींतल्या इलेक्ट्रॉनांना धडकत धडकत, साधारण मिलिमीटरभरात, त्याचा वेग जवळजवळ संपतो. असा मंदावल्यावर तो बहुतेक वेळा एखाद्या इलेक्ट्रॉनच्या तावडीत सापडतो. कधी कधी दोघं निमिषभर एकमेकांभोवती जोडी करूनही राहतात. मग दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन गॅमा किरण निघतात, प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना. यंत्राच्या कड्यात समोरासमोर बसवलेल्या स्फटिकांत दोन्ही किरण एकाच वेळी पोहोचले की यंत्राला कळतं, घटना या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेवर घडली. अशा कोट्यवधी रेषा जमवून गाठ कुठं आहे ते काढतात. पॉझिट्रॉन वेगातच नष्ट झाला असता तर किरण असे सरळ उलट्या दिशांना गेले नसते आणि ही युक्ती चालली नसती. कण पकडायचे हे तंत्र मूलकणांच्या प्रयोगांतून आलेलं आहे. १९७७ मध्ये जिनिव्हाच्या सर्नमध्ये डेव्हिड टाउनसेंड आणि अ‍ॅलन जेव्हन्स यांनी तिथल्या डिटेक्टरनं उंदराची पेट प्रतिमा घेतली होती. पुढं पेट आणि सीटी एकाच यंत्रात बसवण्यातही टाउनसेंड होते. ताई झोपली ते यंत्र त्याच जातीचं.

इंजेक्शननंतर तासभर एका खोलीत एकटं पडून राहायचं असतं. बोलायचं नाही, फोन नाही, काही चघळायचं नाही. ताई गप्प बसणारी नाही, पण बसली. बोललं की स्वरयंत्राचे स्नायू औषध ओढतात, चघळलं की जबड्याचे. खोलीत एसी जोरात होता. सिस्टरनी दोन ब्लँकेटं आणून दिली. थंडी वाजली की मानेतली, खांद्याजवळची एक प्रकारची चरबी कामाला लागते आणि तीही चमकते. ताईच्या गाठी मानेतच होत्या. स्वेटर किंवा शाल घरून न्यावी. धातूची बटणं नकोत.

यंत्रात जाण्याआधी लघवीला जाऊन यायचं असतं, कारण औषध मूत्राशयात साठतं. मग वीसेक मिनिटं हात डोक्यावर. ताईचा खांदा आखडलेला असल्यानं तिला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. आधी सांगितलं तर हाताखाली उशी देतात.

बाहेर आल्यावर सांगितलं, भरपूर पाणी प्या, आणि लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा. किती वेळ ते सिस्टर काही तासच म्हणाल्या होत्या, पण घरी भाच्याचं तान्हं बाळ आहे, म्हणून आम्ही रात्रभर पाळायचं ठरवलं. सव्वाअठरा तासांत दहा अर्धायुष्यं होतात आणि हजारावा हिस्साही शिल्लक राहत नाही. शिवाय बराचसा लघवीतून जातो. ताई त्या रात्री हडपसरलाच राहिली, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जाऊन तिनं नातवाला घेतलं. गल्लीत मात्र कुणीतरी उठवलं की तिच्या अंगात किरणं भरली आहेत. चार दिवस शेजारणी ओट्यावर आल्या नाहीत. ताईला ते गाठीपेक्षा जास्त लागलं. दाजींनी मला बोलावून घेतलं, मी ओट्यावर बसून सगळ्यांना हे ११० मिनिटांचं गणित सांगितलं. दोघीजणी उठून आत ताईकडं गेल्या.

रिपोर्टमध्ये मानेतल्या गाठींबरोबर छातीतल्या काही गाठीही चमकल्या होत्या. मला रात्रभर झोप लागली नाही. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी टीबी झाला होता का? झाला होता, लग्नानंतर लगेच. एफडीजी फक्त कर्करोगाला ओळखत नाही. जिथं दाह असेल, टीबी असेल, तिथंही पेशी साखर ओढतात. आपल्याकडं हे फार वेळा होतं. डॉक्टरांनी त्या गाठींचं वेगळं बघून मगच औषध ठरवलं. टीबी, अलीकडचा ताप, लस, ऑपरेशन, हे सगळं फॉर्मवर लिहावं, कुणी न विचारलं तरी.

किमोच्या मध्यावर पुन्हा स्कॅन झाला. तो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करून घेतला, कारण आधीच्या चित्राशी तुलना करायची असते. आधीची सीडी बरोबर नेली. तेव्हा दोन गोष्टी आम्ही आपण होऊन सांगितल्या. एक, किमोबरोबरच्या स्टिरॉइडनं तिची शुगर वर जाते. दुसरी, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन तिला कधी दिलं ती तारीख. त्या इंजेक्शननं हाडांतला मगज चमकतो आणि रोग हाडांत गेल्यासारखं दिसू शकतं. मॅडमनी त्यामुळं तारीख पुढं ढकलली. पहिला नंबर मिळाला, औषध वेळेवर आलं, आणि डोव्हिल स्कोअर दोन आला. पाचांपैकी दोन म्हणजे चांगला. ताईला मी तेवढंच सांगितलं.

किमो पुरी झाल्यावरचा स्कॅनही स्वच्छ आला. भाच्यानं डॉक्टरांना विचारलं, आता दर सहा महिन्यांनी करून टाकू का? ते नको म्हणाले. प्रत्येक वेळी किरण अंगावर जातात, खर्च होतो, आणि एखादी साधी सूज चमकली की नसती बायोप्सी करावी लागते. आता दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं, आणि गाठ, ताप, वजन कमी होणं असं काही जाणवलं तरच पेट.