पणजोबांची तीन नावं

लोहारा, जि. धाराशिव

चि. मुक्तास,



तुझा मेल संज्याने छापून आणून दिला. पडद्यावरचं वाचायला मला जमत नाही असं नाही, पण समासात काही लिहिता येत नाही, म्हणून कागद बरा. तू ब्रेमेनमधल्या तुझ्या शेजारीणबाईंची हकिकत कळवलीस, ती मी दोनदा वाचली. त्यांच्या खापरपणजोबांचा भाऊ अमेरिकेत गेला. तिकडच्या एका खानेसुमारीत त्याचा जन्म हॅनोव्हरचा, दुसरीत प्रशियाचा, तिसरीत नुसतं 'जर्मनी'. बाईंना वाटलं तिघे वेगळेच असणार. अगं, माणूस एकच. १८६६ साली प्रशियाने हॅनोव्हर गिळलं आणि १८७१ साली जर्मन साम्राज्य उभं राहिलं. लिहून घेणाऱ्याने त्या त्या वेळी जे विचारलं, त्याचं उत्तर त्याने दिलं.

सदतीस वर्षं तलाठ्याची नोकरी केलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. आपलंच बघ. हा नळदुर्गचा मुलूख १८५३ साली निजामाने कर्जापोटी इंग्रजांकडे दिला. तिथे कर्नल मेडोज टेलर कारभारी म्हणून बसला, त्याने जमिनीची मोजणी केली. १८६० साली मुलूख परत निजामाकडे गेला. पुढे जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून धाराशिवला गेलं, धाराशिवचं उस्मानाबाद झालं आणि आता पुन्हा धाराशिव. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी संपली, १९५६ साली आपण मुंबई राज्यात गेलो, १९६०ला महाराष्ट्रात. लोहारा तालुका झाला तो परवा-परवा, त्याआधी आपण उमरग्यात. या गावाने जागा न सोडता इतके धनी पाहिले. म्हणून आपल्या घरातला कुठलाही जुना कागद हुडकायचा तर आधी विचारायचं की त्या साली हे गाव कुणाचं होतं. काही उमरग्यात, काही धाराशिवला, काही छत्रपती संभाजीनगरला, तर काही थेट हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात.

आता तू विचारलंस ते. 'काका, आपली वंशावळ आहे का कुठे?' गंमत अशी की तुझा मेल आला त्याच आठवड्यात संज्याही तेच विचारत होता. त्याला ती शपथपत्रावर हवी आहे. २०२३च्या सप्टेंबरात मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हापासून मराठवाड्यात जुन्या दप्तरांवरची धूळ बसायला तयार नाही. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१चं नागरिक रजिस्टर, शाळेचा प्रवेश-निर्गम, गाव नमुना १४चं जन्ममृत्यूचं बाड, एवढंच काय तर पोलिसांचे अटक पंचनामे आणि ताडीच्या दुकानांच्या नोंदवह्यासुद्धा उघडल्या गेल्या, आणि सगळ्यांमध्ये 'कुणबी' हा एकच शब्द शोधला गेला. मग २ सप्टेंबर २०२५चा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला आणि गर्दी दुप्पट झाली. लोकांना वाटतं गॅझेट उघडलं की आजोबा सापडतील. गॅझेटात आकडे असतात, माणसांची नावं नसतात. कोणत्या जातीचे किती हजार, एवढंच. तुमचा आजा त्यातला होता हे गावच्याच कागदाने सिद्ध करायचं.

आणि गावचा कागद काय म्हणतो, ते ऐक.

तुझ्या पणजोबांना, म्हणजे माझ्या आजाला, सगळं गाव ताना म्हणायचं. खासरा पत्रकात, १९५४-५५च्या, आपल्या जुन्या नंबरापुढे नाव आहे 'नाना'. आणि तुझ्या आजोबांच्या जन्माची जी नोंद सापडली, ती निजामाच्या काळातली, उर्दूतली. संज्याला ती ज्याने वाचून दिली त्याने बापाचं नाव सांगितलं 'बाबा'. संज्या घाबरला. तीन कागद, तीन बाप. म्हणाला, काका, ही जमीन आपली नाहीच की काय!

मी ती नोंद घेऊन इथल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि हसायलाच लागले. मला पेन्सिल दिली, म्हणाले, 'तलाठीसाहेब, उर्दूत ताना लिहा.' मला येत नाही म्हटल्यावर त्यांनीच लिहून दाखवलं. एक दात, एक उभी रेघ, परत एक दात, परत उभी रेघ. दातावर वर दोन ठिपके दिले की 'त', वर एक दिला की 'न', खाली एक दिला की 'ब'. आता घाईने लिहिणारा कारकून ठिपके देतच नाही. त्या मोडक्या लिपीला शिकस्ता म्हणतात आणि सगळी निजामी कचेरी त्यात लिहायची. ठिपके काढले की ताना, नाना आणि बाबा हुबेहूब एकसारखे दिसतात. मास्तरांनी तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले, ठिपके बोटाने झाकले आणि मला विचारलं, 'आता ओळखा.' ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. खासऱ्यातलं 'नाना'ही अशाच एखाद्या कागदावरून उतरवलेलं असणार. म्हणजे नावाचं भांडण मिटलं.

सालाचं उरलं. त्या नोंदीवर १३४० आहे. संज्याने मोबाइलवर पाहिलं, हिजरी १३४० म्हणजे १९२१-२२. तसं धरलं तर तुझे आजोबा १९२१चे. पण त्यांच्या थोरल्या बहिणीचा जन्म कुलकर्ण्याच्या मोडी टिपणात शके १८४८, म्हणजे १९२६ आहे. जिने त्यांना कडेवर घेऊन गाव फिरवलं ती बहीण कागदावर पाच वर्षांनी धाकटी! गोम अशी की निजामाच्या महसुली कागदात साल असतं ते फसलीचं. त्यात ५९० मिळवायचे. १३४० अधिक ५९०, झाले १९३०. बहीण चार वर्षांनी थोरली राहिली, घरात सगळे सांगतात तसंच. शाळेच्या दाखल्यावर मात्र आजोबा १ जून १९३३ला जन्मले आहेत, कारण त्या काळच्या अर्ध्या मराठवाड्याला गुरुजींनी १ जूनलाच जन्माला घातलं. वय बसवायचं तर गुरुजी पोराचा हात डोक्यावरून कानाला लावायला सांगत, हात पोचला की नाव दाखल.

यातला कुठलाही कारकून खोटारडा नव्हता, हे मी संज्याला परत परत सांगतो. खासरा लिहिणाऱ्याला हवं होतं की जमीन कुणाच्या नावे आणि ती कसतंय कोण. एकत्र कुटुंबात कर्त्या भावाचं नाव लागायचं, बाकीचे भाऊ जणू जन्मलेच नाहीत. गुरुजींना वय हवं होतं, आणि तेही शाळेत बसवण्यापुरतं. जन्माची खबर देणारा कोतवाल बारशाच्या आधीच यायचा, म्हणून त्या बाडात 'मुलगा', बापाचं नाव आणि जात एवढंच असतं. पोराचं नाव कुठून येणार? कागदाला विचारावं तेवढंच तो सांगतो. त्याच्याकडून वंशावळ मागणं म्हणजे वाण्याच्या उधारीच्या वहीवरून घरातली भांडणं शोधण्यासारखं आहे.

वंशावळीसाठीच लिहिलेले कागद आपल्याकडे दोनच. एक हेळव्याची वही. हेळवी कर्नाटकातून बैल घेऊन यायचा, ओट्यावर बसून सात पिढ्या तोंडपाठ म्हणायचा, धान्य-कपडा घेऊन पुढच्या घरी. आपल्याकडे तो बरीच वर्षं फिरकलेला नाही. दुसरी तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांची वही. तुला ठाऊक आहे का, अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या ज्या संस्थेने तुमच्या जर्मन चर्चच्या जन्म-लग्नाच्या वह्यांची मायक्रोफिल्म काढून ठेवली, तिनेच हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही काढली आहे. आपले पंढरपूर-नाशिकचे उपाध्ये मात्र अजून बासनं सोडूनच वाचून दाखवतात.

पंढरपूरला मी गेलो ते कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर. उपाध्यांनी गाव विचारलं, कूळ विचारलं आणि वही काढली. मोडी मला वाचता येते, नोकरीत लागायची. ओळ अशी की राणूच्या घरी सखा आणि ताना, आणि तानापुढे 'सास्तूरहून आला' एवढंच. दत्तक म्हणून आला, की आईने राणूशी पाट लावला तेव्हा तिच्याबरोबर आला, याबद्दल चकार शब्द नाही. आमच्या लहानपणी हा विषय निघाला की आजी उठून चुलीकडे जायची.

सास्तूरला याचं उत्तर असतं. तिथल्या भावकीच्या माळवदाच्या घरात एक पत्र्याची ट्रंक होती, जुन्या खतांनी भरलेली. मी नोकरीला नवीन होतो तेव्हा पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, तीन छप्पन्नला भूकंप झाला आणि सास्तूर जमिनीला मिळालं. दगड-मातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. माणसं वाचवायची तिथे ट्रंक कोण हुडकणार? गाव दुसऱ्या जागी वसलं. तुमच्या ब्रेमेनने परदेशी जाणाऱ्यांच्या जुन्या जहाजयाद्या जागा नाही म्हणून स्वतःच्या हाताने नष्ट केल्या आणि उरलेल्या बहुतेक महायुद्धात गमावल्या, असं तू लिहिलंस. शेजारच्या हँबर्गच्या १८५० ते १९३४च्या याद्या मात्र टिकल्या. शेजारीणबाईंचा माणूस हँबर्गहून बसला असेल तर त्यांचं नशीब. आमचं सास्तूरच गेलं.

संज्याचं म्हणणं, ती 'सास्तूरहून आला' ओळ शपथपत्रात कशाला हवी? राणूच्या नावापुढे 'कुणबी' सापडलंय, खाली ताना, खाली आजोबा, सरळ रेघ ओढायची. त्याची घाई मला समजते. पोराच्या प्रवेशाची तारीख डोक्यावर आहे, १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा, वडिलांकडचं रक्ताचं नातं, सगळं रीतसर लागतं. ताना दत्तक असेल तर राणूचं कूळ त्याचं झालं. आईबरोबर आलेला असेल तर रक्त सास्तूरचं आणि पुरावाही तिकडचा शोधायला हवा. तोही कदाचित कुणबीच निघेल. मी त्याला सांगितलं, वहीच्या पानाची नक्कल जशीच्या तशी जोड, पडताळणी समिती ठरवील. माझी सही हवी असेल तर ओळ गाळायची नाही. गेले आठ दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतोय. बोलेल परत.

तुझ्या वंशावळीत मी दोन्ही रेघा ओढल्या आहेत, एक राणूकडून, एक सास्तूरकडून. नकाशा वेगळ्या पाकिटात पाठवतो. तो बघितलास की तुझ्या लगेच लक्षात येईल की त्यात बायका नाहीत. खासऱ्यात नाहीत, उर्दू बाडात नाहीत, उपाध्याच्या वहीतही नाहीत. १९५६च्या कायद्याने मुलींना बापाच्या इस्टेटीत वाटा दिला, तेव्हापासून वारसाच्या फेरफाराला त्यांची नावं लागायला लागली. मी स्वतः असे शेकडो फेरफार लिहिले. बहिणीचं पूर्ण नाव, सासरचं गाव, वय, अंगठा, आणि खाली हक्कसोड. हक्क सोडायच्या दिवशीच तिचं नाव नीट लिहिलं जायचं. हे लिहिताना मला त्या वेळी काही वाटत नव्हतं, कामच ते.

राणूच्या बायकोचं, म्हणजे तानाच्या आईचं नाव कुठल्याच कागदावर नाही. आता ते सांगू शकणारं माणूस एकच उरलं आहे, माकणीची आत्या. आजीच्या हाताखाली तीच वाढली, आणि चुलीजवळ काय बोलणं व्हायचं ते तिलाच माहीत. नव्वदीला टेकली आहे. माझ्याशी ती या विषयावर बोलत नाही, पुरुषमाणसाला काय सांगायचं म्हणते. तू विचारलंस तर सांगेल. दुपारी तीननंतर फोन कर, तेव्हा ती जागी असते, आणि जरा मोठ्याने बोल. आधी तानाच्या आईचं नाव आणि माहेर विचार, पाटाचं मग विचार. संक्रांतीच्या आत कर.

तुझा,
काका