वाटाड्या

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत. खिडकीच्या अलीकडे उभे राहणारे आणि खिडकीच्या पलीकडे बसणारे. मी गेली २२ वर्षं बँकेत पलीकडे बसतो. अलीकडच्यांना वाटतं, हा मुद्दाम हळू काम करतोय. पलीकडच्याला वाटतं, एवढ्या मोठ्या शहरात या सगळ्यांना आजच, आत्ताच आणि माझ्याच खिडकीशी काय काम निघालं?

त्यामुळे आमचा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, सध्या मी लोड बॅलन्सिंगचं काम करतोय," तेव्हा मला आधी वाटलं, इंजिनियर होऊन पोरगं हमालीत शिरलं. मग त्यानं समजावून सांगितलं आणि मी थक्क झालो. कारण हे सगळं मला ठाऊकच होतं. आमच्याकडे त्याला फक्त इंग्रजी नाव नव्हतं!

गोष्ट अशी, की एखादी वेबसाइट एका सर्व्हरवर सुखाने नांदत असते. गिऱ्हाईक वाढलं की तो बिचारा धापा टाकू लागतो. यावर उपाय दोन. एक, त्याच्या जागी दांडगा सर्व्हर आणायचा. म्हणजे एकाच कारकुनाकडून चौघांचं काम करून घ्यायचं. हा उपाय साहेबलोकांना विशेष प्रिय असतो. दुसरा, चार साधे सर्व्हर ठेवायचे आणि त्यांच्यापुढे एक वाटाड्या उभा करायचा. बाहेरच्या जगाला पत्ता एकच, वाटाड्याचा. येईल त्याला तो चारांपैकी एकाकडे धाडतो. हे काम करणारे एचएप्रॉक्सी (२००१) आणि एन्जिनएक्स (२००४) हे प्रोग्रॅम फुकट मिळतात म्हणे. 'फुकट' ऐकल्यावर मी खुर्ची पुढे ओढली.

आता वाटायचं कसं? सोपी रीत म्हणजे राउंड रॉबिन. पहिला याला, दुसरा त्याला, पंगतीतल्या वाढप्यासारखं. पण एका खिडकीशी नुसती शिल्लक विचारणारा येतो आणि दुसरीशी चिल्लरची पिशवी घेऊन किराणा दुकानदार! कागदावर दोघांना एकेकच गिऱ्हाईक. दुसरी रीत अशी, की ज्याच्या हातात या क्षणी सर्वांत कमी जोडण्या, त्याला पुढचं काम. ऐकायला न्याय्य वाटतं. पण जो झटपट उरकतो त्याच्याच गळ्यात पुढचं काम पडतं. यंत्राला हे कळत नाही. माणसाला कळलं, आणि त्यातून त्यानं जी गती शोधून काढली तिलाच सरकारी गती म्हणतात. तिसरी रीत वजनाची. आमच्या मुलखात 'वजन' ठेवलं की काम लवकर होतं. तिथे ज्याचं वजन जास्त त्याला काम जास्त. किती उलटं जग!

शिवाय ओळखीचा प्रश्न असतोच. गिऱ्हाइकाने एका सर्व्हरला नाव-गाव सांगावं आणि पुढच्याच क्षणी दुसऱ्याने "आपण कोण?" म्हणावं! मग ज्याचं गिऱ्हाईक त्याच्याकडेच धाडायची सोय करतात, आमचे पेन्शनर आजोबा माझ्याच खिडकीशी येतात तसं. पण मी रजेवर गेलो की आजोबा निराधार. त्यापेक्षा ओळख सगळ्यांना दिसेल अशा एका सामाईक जागी लिहून ठेवणं बरं. मी बी.कॉम. माणूस, हिशेब कारकुनाच्या डोक्यात नको, लेजरात हवा, हे मला नव्याने सांगायला नको.

रांगांचं हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गृहस्थांनी मांडायला घेतलं. त्यांचा पहिला निबंध १९०९ सालचा. त्या शास्त्राचा साधा हिशेब पाहा. माणसं कशीही, केव्हाही येताहेत, कामाला सरासरी ५ मिनिटं लागताहेत. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल तर येणाऱ्याचे एकूण सरासरी १० मिनिटं जातात. ९० टक्के गुंतली तर ५० मिनिटं, आणि ९५ टक्क्यांना १००! म्हणजे कारकून थोडा वेळ रिकामा दिसतो तो आळस नव्हे, ती गिऱ्हाइकाची सोय असते. हे मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी मला आणखी एक रजिस्टर दिलं.

पण मला खरी आवडली ती वाटाड्याची एक सवय. एचएप्रॉक्सीला तब्येत बघायला सांगितलं, की तो दर २ सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला विचारतो, "बरा आहेस ना?" लागोपाठ ३ वेळा उत्तर आलं नाही, की त्याला रांगेतून बाजूला काढतो. पुन्हा २ वेळा नीट उत्तर आलं, की परत घेतो. भाचा म्हणाला, "मात्र मामा, नुसतं 'हजर' म्हणतोय एवढ्यावर भागत नाही. आतून काम होतंय का, हेही बघावं लागतं."

माझ्या शेजारच्या खिडकीत एक सहकारी बसत. घरी बायकोचं आजारपण. रात्र दवाखान्यात, सकाळी दहाला खिडकीत. "ठीक ना?" विचारलं की "ठीक." खिडकी उघडी, दिवा लागलेला, टोकन पुढे सरकतंय. एके दिवशी एका म्हाताऱ्या बाईंचं पासबुक हातात धरून ते बराच वेळ नुसते बघत राहिले. रांगेत पुटपुट सुरू झाली. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही घरी जा. माझं काय, उद्या होईल."

मग कुठे साहेबांनी ती खिडकी बंद केली आणि रांग आम्हा तिघांत वाटली. चार खिडक्या ६० टक्के भरलेल्या असतील तर एक मिटल्यावर उरलेल्या तिघी ८० वर जातात, ओढता येतं. आधीच ९० वर असत्या, तर त्या बाईंच्या मायेचाही उपयोग नव्हता. सहकारी महिन्याने परत आले, तेव्हा पहिला आठवडा त्यांच्याकडे जरा कमीच गिऱ्हाईक गेलं. बऱ्या झालेल्या सर्व्हरलाही असंच हळूहळू काम देतात म्हणे.

"आणि वाटाड्याच आडवा झाला तर?" मी विचारलं.

"म्हणून दुसरा वाटाड्या ठेवतात. तो काही करत नाही. नुसता बसून पहिल्याची नाडी बघतो."

अशी जागा आमच्या बँकेत निघाली, तर माझा अर्ज तयार आहे.