माझा बाप ऊसतोड कामगार होता

गेल्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी परिचयपत्र तयार केले. 'आजोबांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेतकरी' असे लिहिले आणि झेरॉक्स काढून पाहुण्यांकडे पाठवून दिले.

खरे म्हणजे आमच्या घराला गुंठाभर जमीन नव्हती. केज तालुक्यातून दरसाल दसरा झाला की माझे वडील नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जात. मुकादमाची उचल, पाचटाची कोपी, पहाटेची थंडी, आणि एका कोयत्यामागे माय-बाप दोघे राबणारे. माझी निम्मी प्राथमिक शाळा त्या कोपीतच बुडाली. पुढे वसतिगृहात राहून बी.कॉम. झालो, कारकुनाची नोकरी लागली. आज संध्याकाळी वस्तीत ऊसतोड कामगारांच्या मुलांचा वर्ग घेतो. आईबापाच्या कष्टाची लाज बाळगू नका, असे त्यांना सांगतो. आणि घरी बसून मीच खोटे लिहिले!

ही चूक मला दाखवली ती माझ्या आतेभावाने, तीही बायबलमधून.

आत्याचे सासर नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातले, आणि ख्रिस्ती. आम्ही बौद्ध. त्यामुळे जाणे-येणे कमी आणि वाद जास्त. दिवाळीनंतर त्यांच्या देवळात सुगीचा सण होता, म्हणून दादाने बोलावले. बायाबापड्यांनी बाजरीची कणसे, भोपळे, ऊस, कुणी कोंबडीसुद्धा आणून वेदीपुढे ठेवली. पाळकांनी जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा २६ वा अध्याय वाचला. रात्री जेवताना मी म्हणालो, "दादा, मी काही देव मानत नाही."

"नको मानूस," दादा म्हणाला. "पण टोपली घेऊन आलेल्याला काय बोलायला लावलंय, ते तर बघ. आमचा पूर्वज रानोमाळ भटकणारा होता, मिसर देशात परका म्हणून राहिला, तिथं आम्हाला राबवलं, छळलं, असं म्हणायचं आणि मग टोपली ठेवायची. घर झालं, शेत झालं, की माणूस बापाला विसरतो. म्हणून हे लिहून ठेवलंय. आता सांग, मामा ऊस तोडायला आले की आमच्याकडं यायचे, मीच त्यांच्या कोयत्याला धार लावून द्यायचो. तू लेकीच्या कागदावर काय लिहिलंस?"

घास घशाखाली उतरला नाही.

घरी आल्यावर मी या उताऱ्याविषयी मिळेल ते वाचले. जर्मन अभ्यासक गेरहार्ट फॉन राड यांनी १९३८ साली असे मांडले, की ही छोटीशी कबुली म्हणजे त्या लोकांच्या धर्माचे जुने बीज आहे आणि मोठे ग्रंथ तिच्याभोवती वाढले. नंतरच्या अनेक अभ्यासकांना ती इतकी जुनी वाटत नाही. तो वाद विद्वानांचा. मला मात्र त्यातले व्याकरण महत्त्वाचे वाटले. सुरुवात 'तो' अशी होते आणि छळाची वेळ येताच 'आम्ही' येते. आजोबाचे दुःख नातू आपले म्हणून बोलतो.

कोकणातले आपले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, वल्हांडण सणाच्या रात्री हाच उतारा घरात वाचतात. त्यासाठीची पोथी १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह, चित्रे घालून छापली गेली होती. यहुदी परंपरेत पहिल्या तीन हिब्रू शब्दांचा अर्थ वेगळा लावतात : अरामी माणसाने आमच्या पूर्वजाचा नाश करू पाहिला. म्हणजे एका अर्थाने भटकंती, दुसऱ्या अर्थाने छळ. माझ्या बापाच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरेच होते.

मूळचे महाराष्ट्रातले ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात भाषण करून दलितांच्या ईश्वरविज्ञानाला तोंड फोडले. पुढे लिहिताना त्यांनी हाच उतारा घेतला आणि त्याच्याशेजारी आपल्या अस्पृश्य पूर्वजाची कहाणी ठेवली. त्या अरामी माणसाला निदान हिंडण्याची मोकळीक होती. आमचा पूर्वज गावाबाहेर टाकलेला होता, असा फरकही त्यांनी दाखवला. आपल्या माणसाने जगाच्या ग्रंथाला आपला अनुभव लावून पाहिला, याचा मला अभिमान वाटला.

म्हणून सगळेच पटले असे नाही. हे लोक ज्या कनान देशात गेले तिथे आधीपासून माणसे राहत होती, त्यांचे काय? अमेरिकेतल्या ओसेज या आदिवासी जमातीचे अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी १९८९ साली हाच प्रश्न विचारला. शिवाय त्या कबुलीत सुटका वरून येते. आपली सुटका बाबासाहेबांनी आपल्याच पायांवर उभे करून शिकवली. स्वतः बाबासाहेब १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलले, तेव्हा त्यांनी बुद्धाबरोबर ख्रिस्ताविषयीही आदर दाखवला आणि हा समाज अन्यायाविरुद्ध लढत नाही, हेही स्पष्ट सुनावले. आदर ठेवूनही मतभेद सांगता येतो, हे मी त्यातून शिकलो.

पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्याच अध्यायात पुढे परका, अनाथ आणि विधवा यांचा वाटा काढून ठेवायला सांगितले आहे. बाप भटका होता हे ज्याला आठवते, त्यालाच दारातला भटका दिसतो. आपल्यातले आम्ही नोकरदार गावकुसाबाहेरून कॉलनीत आलो आणि रकाना बदलून बसलो. मग कोपीतली पोरे आम्हाला कशी दिसणार?

मी परिचयपत्र पुन्हा लिहिले. 'आजोबा : ऊसतोड कामगार'. मंडळी जरा नाराज झाल्या. एका स्थळाकडून नंतर निरोपच आला नाही. मुलीला वाईट वाटेल म्हणून मी गप्प होतो, तर तीच म्हणाली, "पप्पा, आजोबांचा कोयता कुठंय?"

माळ्यावरून काढून दिला. गंजला होता. तिने पुसून भिंतीला, बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगला.

बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरी असा एखादा कोयता, विळा, नाहीतर झाडू असेल. मुलांना एकदा बसवून त्याची गोष्ट सांगा. आणि सांगताना 'ते' म्हणू नका, 'आपण' म्हणा.